भूमध्यसमुद्रकांठची सायकलवारी आणि बांधाचा खर्च

आपल्या संस्थेच्या मासिकांत पीकपाणी, खतें, रोगराई आणि बाजारभाव यांखेरीज दुसरा विषय सहसा येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. असें असतां फ्रान्स देशाच्या दक्षिणेस द्राक्षमळ्यांतून सायकलीवर केलेल्या प्रवासाविषयीं आम्ही लिहावयास बसलों आहों, हें पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. निवृत्त कारकुनास पेन्शन मिळूं लागली कीं असे छंद सुचतात, असेंही कोणी म्हणेल. परंतु अलीकडे आपल्या भागांत एक विचार वरचेवर कानीं येऊं लागला आहे. द्राक्षास भाव नाहीं, तर बागेंत पाहुण्यांसाठीं खोल्या बांधाव्या, शहरांतील लोकांस सायकली भाड्यानें द्याव्या, बागेची शोभा विकावी, म्हणजे द्राक्षानें आणलेला तोटा पाहुणा भरून काढील! युरोपांत असेंच चालतें, असा दाखलाही सोबत दिला जातो. त्या दाखल्याची जागेवर जाऊन पाहणी करण्याचा योग आम्हांस इ. स. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत आला. आणि जागा पाहिल्यावांचून पंचनाम्यावर सही करूं नये ही आमची जुनी खोड आहे.

आमचा पुतण्या तुलूझ शहरीं नोकरीस असतो. त्यानें दोन सायकली मिळविल्या, सामानाच्या पिशव्या मागच्या चाकाच्या दोहों बाजूंस अडकविल्या, आणि "काका, रोज चाळीस-पन्नास किलोमीटरांहून अधिक जायचें नाहीं" अशी अट घातली. ती अट आम्हांस थोडी अपमानास्पद वाटली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पीकपाहणीची तपासणी करण्यासाठीं मंडळ अधिकाऱ्यांच्या मागोमाग आम्हीं याहून खडतर रस्ते सायकलीनें तुडविले आहेत. त्या अनुभवावरून सांगतों कीं, शेत पाहण्यास सायकलीसारखें दुसरें वाहन नाहीं. मोटारींतून पीक दिसतें, पण बांध दिसत नाहीं. पायीं चालणाऱ्यास बांध दिसतो, पण दिवसभरांत गांव बदलत नाहीं, म्हणून त्यास तुलना करतां येत नाहीं. सायकलीच्या गतीनें बांध, चर, मातीचा रंग, पानावरील रोग आणि शेतकऱ्याचा चेहरा हें सर्व दिसतें, व सायंकाळपर्यंत चार गांवें मागें पडतात.

फ्रान्सांत या प्रकारच्या प्रवासास फार दिवसांची प्रतिष्ठा आहे. पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) या रेशमाच्या व्यापाऱ्यानें व्यापार सोडून सेंत-एतिएन येथें सायकलींचें दुकान घातलें, १८८७ सालीं सायकलस्वारांसाठीं मासिक काढलें, आणि चढ चढण्यासाठीं सायकलीस गिअर असलेच पाहिजेत म्हणून जन्मभर वाद घातला. लोक त्यास व्हेलोसिओ या टोपणनांवानें ओळखत. हा गृहस्थ शाकाहारी होता, व शर्यत न लावतां, भूक लागण्यापूर्वीं खाऊन आणि दमण्यापूर्वीं थांबून प्रवास करावा असें शिकवीत असे. आमच्या वयास त्याची शिकवण चांगली मानवली. हल्लीं स्पेनमधील काडिथपासून थेट सायप्रस बेटापर्यंत जाणारा एक सायकलमार्ग युरोपियन लोकांनीं आंखला आहे. त्याचा क्रमांक आठ. त्याचा दक्षिण फ्रान्सांतील कांहीं भाग आम्हीं धरला, कांहीं ठिकाणीं मुद्दाम सोडला.

बेझिए स्टेशनावर उतरून प्रथम मिदी कालव्याच्या कांठीं आलों. तुलूझपासून समुद्राजवळील खाऱ्या सरोवरापर्यंत सुमारें २४० किलोमीटर लांबीचा हा कालवा १६८१ सालीं खुला झाला. तो बांधणारा पिएर-पॉल रिके हा मिठावरील कराचा मक्तेदार, म्हणजे एका अर्थीं आमच्याच खात्यांतला माणूस. त्यानें स्वतःची मिळकत कालव्यांत घातली, आणि काम पुरें होण्याच्या आदल्याच वर्षीं तो वारला. बेझिएजवळ पायऱ्यांसारख्या एकाखालीं एक बांधलेल्या हौदांतून होड्या सुमारें २१ मीटर खालीं उतरतात. तें पाहण्यास कांठावर ही गर्दी असते. कालवा बांधला धान्य व वाईन वाहण्यासाठीं. आज त्यांतून मालाची होडी जात नाहीं, सहलीच्या होड्या जातात. कांठाची जुनी चिनारासारखीं प्लेन झाडें एका बुरशीच्या रोगानें मरत असून हजारों झाडें तोडावीं लागलीं आहेत. हा रोग २००६ सालीं कालव्यावर प्रथम आढळला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या लांकडी पेट्यांबरोबर तो फ्रान्सांत आला असें मानतात. सावली गेल्याबद्दल सायकलस्वार हळहळतात. झाडांच्या मुळ्या कालव्याचा कांठ धरून ठेवीत असत, ही गोष्ट फारशी कोणाच्या बोलण्यांत आली नाहीं.

येथील मळे आपल्या बागांहून निराळे. मांडव नाहीं, आणि जुन्या मळ्यांत तारही नाहीं. गुडघ्याएवढा खोडका आणि त्यावर फांद्यांचा पसारा, अशी वेल झुडपासारखी स्वतःच्या बळावर उभी असते. छाटणी वर्षांतून एकदां, हिवाळ्यांत. एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळछाटणी अशा दोन छाटण्या आपण करतों, असें पुतण्यानें एका बागाईतदारास सांगितलें, तेव्हां त्या गृहस्थानें आमच्याकडे अशा दयेनें पाहिलें कीं आम्हांस हंसूं आवरेना. मात्र केवडा आणि भुरी हे दोन शत्रू दोन्हीकडे तेच, व मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रणही तेंच.

आणखी एक नातें आहे, तें आपल्या लोकांस ठाऊक असावें. १८६० नंतर या भागांतील वेली अकारण सुकूं लागल्या. १८६८ च्या जुलैंत मोंपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों व त्याचे दोन सहकारी यांस मुळांवर फायलोक्झेरा नांवाची सूक्ष्म पिवळी कीड सांपडली. ती अमेरिकेंतून आलेली. म्हणून उपायही अमेरिकेंतूनच आणावा लागला. तेथील रानद्राक्षांच्या मुळांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधून हे मळे पुन्हां उभे राहिले. आज नाशिक-सांगलीकडे खारट पाण्यास व अवर्षणास तोंड देण्यासाठीं ज्या डॉगरिज खुंटावर आपण कलम भरतों, तो टेक्सासमधील ज्या रानद्राक्षाच्या जातींतला आहे, त्या जातीस शास्त्रीय नांव देणारा हाच प्लांशों. आपल्या बागेची मुळें कोणत्या कागदांत नोंदलीं गेलीं तें असें दूरदेशीं कळतें.

बेझिएच्या वायव्येस थोड्या किलोमीटरांवर मारोसां नांवाचें खेडें आहे. वेळ थोडा असेल त्यानें समुद्र सोडावा, पण मारोसां सोडूं नये, असें सहकारी संस्थेच्या प्रत्येक सभासदास आम्ही सांगूं. १९०१ च्या डिसेंबरांत एली काताला व त्याचे सोबती यांनीं येथें 'स्वतंत्र द्राक्षबागाईतदार' अशा अर्थाच्या नांवाची संस्था काढली. व्यापारी बेझिएच्या बाजारांत भाव पाडी. म्हणून यांनीं आपला माल एकत्र करून तो थेट पॅरिसच्या ग्राहकांच्या सहकारी भांडारांस पाठविण्यास आरंभ केला. १९०५ सालीं त्यांनीं समाईक कोठार बांधलें, व त्याच वर्षीं फ्रान्सचे प्रसिद्ध समाजवादी पुढारी झां जोरेस तें पाहावयास आले. इमारत अद्याप उभी आहे. आम्ही तिच्यापुढें अर्धा तास उभे होतों, तेवढ्या वेळांत रस्त्यानें सायकलस्वारांच्या दोन टोळ्या गेल्या. त्यांपैकीं एकही थांबली नाहीं.

कालव्याच्या कडेनें पश्चिमेस गेलें म्हणजे आर्जेलिए लागतें. १९०७ मध्यें साऱ्या फ्रान्सास हालविणारें बंड या गांवांतून निघालें. बाजारांत खोटी वाईन, म्हणजे साखर व पाणी घालून वाढविलेली, इतकी झाली होती कीं खऱ्या मालास गिऱ्हाईक उरलें नाहीं. गांवांतील कॉफीचें दुकान चालविणारा व थोडा मळा राखणारा मार्सेलें आल्बेर हा ११ मार्च रोजीं ८७ माणसें घेऊन नार्बोनला आलेल्या चौकशी समितीपुढें गेला. पुढें दर रविवारीं सभा भरूं लागल्या, आणि ९ जून रोजीं मोंपेलिए येथें पांच लाखांवर माणूस जमला. गांवोगांवच्या नगराध्यक्षांनीं राजीनामे दिले, करभरणा थांबला. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास हा शब्द लिहितांनाही हात अडखळतो. परंतु सत्य तें सत्य. पंतप्रधान क्लेमांसो यांनीं सैन्य पाठविलें. १९ व २० जून रोजीं नार्बोनला गोळीबार होऊन माणसें मेलीं, आणि याच मुलुखांतील पोरांची भरती असलेल्या सतराव्या पलटणीनें बंड केलें. आल्बेर पॅरिसला जाऊन क्लेमांसोंस भेटला, त्यांच्याकडून परतीच्या गाडीभाड्यासाठीं शंभर फ्रँक घेऊन आला, आणि तेवढ्यावरून त्याच्या लोकांनींच त्यास विकला गेलेला ठरविलें. पुढाऱ्यानें भाड्याचे पैसे घरून न्यावे!

पण या बंडाचें जें फळ, तें आमच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. २९ जून १९०७ च्या कायद्यानें साखरेवर जादा कर बसला, आणि प्रत्येक बागाईतदारानें आपलें लागवडीचें क्षेत्र व निघालेला माल गांवच्या कचेरींत जाहीर करावा असें ठरलें. म्हणजे काय? पीकपाहणीच! आपल्याकडे पीकपाहणीस शेतकरी सरकारचें लचांड समजतो. तेथें शेतकऱ्यांनीं रक्त सांडून ती मागून घेतली, कारण खरें क्षेत्र व खरा माल कागदावर असल्यावांचून खोटा माल पकडतां येत नाहीं. सात-बाऱ्यावर पीक कोणतें लिहिलें आहे हें वर्षानुवर्षें न पाहणाऱ्या आपल्या सभासदांनीं यावर थोडा विचार करावा.

नार्बोनच्या पुढें वाऱ्याशीं गांठ पडली. वायव्येकडून येणाऱ्या या वाऱ्यास त्रामोंतान म्हणतात. खाऱ्या सरोवरांमधून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर त्यानें आम्हांस दोनदां सायकलीवरून उतरविलें. जो सायकलस्वार भेटे तो त्यास शिव्या देई. पण मळेवाल्यास विचारावें तर तो या वाऱ्यास देव मानतो! त्रामोंतान कोरडा, पानावरील दंव व पावसाचें पाणी तो तासाभरांत सुकवितो, आणि पान कोरडें तेथें केवड्यास थारा नाहीं. उलट समुद्रावरून येणारा मंद, ओलसर वारा सायकलस्वारास गोड वाटतो, व तोच बागेंत रोग आणतो. पावसाचेंही तसेंच. पेर्पिन्यांच्या जिल्ह्यांत २०२२ पासून २०२४ पर्यंत असें अवर्षण पडलें कीं वेली जागच्या जागीं वाळल्या. त्या वर्षांतील निरभ्र आकाशाची प्रवाशांनीं मात्र मनापासून स्तुति केली असेल. एकाच रस्त्याच्या दोन कडांवर हीं दोन माणसें उभीं आहेत, आणि एकाचें सुदिन तें दुसऱ्याचें दुर्दिन, हें ज्यास बागेची शोभा विकावयाची आहे त्यानें आधीं ध्यानांत घ्यावें.

वाऱ्याची दुसरी करणी आम्हीं कॉर्बिएरच्या डोंगरांत पाहिली. नार्बोनच्या पश्चिमेस हा भाग आहे. खडकाळ टेंकड्या, त्यांवर चीड व कांटेरी झुडपांचें रान, खालच्या खोऱ्यांत मळे. ५ ऑगस्ट २०२५ रोजीं रिबोत गांवापाशीं आग लागली आणि तीन दिवसांत सुमारें सोळा हजार हेक्टर, म्हणजे चाळीस हजार एकरांच्या आसपास मुलूख जळाला. एक बाई दगावली, कित्येक घरें गेलीं. आम्ही दोन महिन्यांनीं गेलों तेव्हांही राखेचा वास होता. रस्ता चढून एका वळणावर आलों, आणि खालचा देखावा पाहून सायकली टेकवून उभे राहिलों. काळ्या टेंकड्यांच्या मधोमध मळ्यांचे हिरवे तुकडे जसेच्या तसे होते. कडेच्या दोन-तीन ओळींचीं पानें करपलेलीं, आंतील वेल जिवंत. मशागत केलेली उघडी माती आणि वेलीचें ओलें पान यांपुढें आग अडखळते. ज्या खोऱ्यांत मळे सलग होते तेथें ती थांबली होती. जेथें मळा काढून टाकला होता तेथून रानाच्या वाटेनें पुढच्या टेंकडीवर गेली होती.

आतां मळे काढले कां? १९६० च्या सुमारास फ्रान्सांत दरडोई वर्षाला शंभर लिटरांहून अधिक वाईन खपत असे. आज तो खप निम्म्याहूनही खालीं आला आहे. (या घटीबद्दल आम्हांस वाईट वाटत नाहीं, आम्ही त्या वस्तूस शिवत नाहीं. परंतु वस्तु कोणतीही असो, तिच्यावर पोट असलेला शेतकरी हा शेतकरीच आहे.) माल पडून राहूं लागला, तेव्हां सरकारनें २०२४ सालीं योजना काढली कीं, जो बागाईतदार वेली कायमच्या उपटून टाकील त्यास हेक्टरीं ४,००० युरो मिळतील. देशभर हजारों हेक्टर मळे या योजनेखालीं गेले, व या ओद जिल्ह्याचा त्यांत मोठा वांटा आहे. उपटलेल्या जागीं दुसरें पीक बरें येईल अशी ती जमीन नाहीं, पाणीही नाहीं; चार वर्षांत झुडूप येतें, दहा वर्षांत चीड. म्हणजे आग अडविणारी वेल काढण्यास सरकारनें पैसे दिले, आणि ती राखून आग अडविणाऱ्यास कांहींच दिलें नाहीं. आमच्या मतें हा हिशेब उलटा आहे. मळ्यानें रान अडविलें हें काम आहे, आणि कामास मजुरी असते.

याच गोष्टीचें दुसरें रूप आम्हीं प्रवासाच्या शेवटीं, स्पेनच्या सरहद्दीलगत पाहिलें, आणि लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे. पिरेनीज पर्वत जेथें समुद्रांत उतरतो, तेथें कोलिऊर, पोर-व्हांद्र, बान्यूल्स आणि सेर्बेर हीं चार गांवें ओळीनें आहेत. रस्ता कड्याच्या अंगानें वरखालीं होत जातो. एका हातास निळा समुद्र, दुसऱ्या हातास पायथ्यापासून माथ्यापर्यंत मळ्यांच्या पायऱ्या. सायकलस्वारांत या रस्त्याची फार कीर्ति आहे, आणि ती खोटी नाहीं. चढ आमच्या गुडघ्यांनीं मोजले आहेत, तरीही म्हणतों, खोटी नाहीं.

हा डोंगर काळसर पाटीच्या दगडाचा. बोटांनीं पापुद्रे निघावे असा. आमच्या दप्तरांत अशी जमीन सरसकट पोटखराब्यांत गेली असती. परंतु वेलीचें मूळ त्या पापुद्र्यांतून खोल जातें. कित्येक पिढ्यांनीं हाच दगड फोडून चुना-सिमेंटाशिवाय भिंती रचल्या, त्यांमागें पायलीपायलीनें माती धरली, आणि प्रत्येक पायरीवर दोन-चार ओळी वेली लावल्या. भिंत पोकळ असल्यानें तींतून पाणी झिरपतें, पण माती राहते. त्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे चर. येथें वर्षाचा पाऊस शरदांत एकदोन दिवसांत कोसळतो. १९४० च्या ऑक्टोबरांत असाच पाऊस येऊन सबंध जिल्ह्यांत हाहाकार झाला होता. तो पाऊस अंगावर घेण्यासाठीं दगडी चर तिरपे काढलेले असतात, व ते मधल्या मोठ्या उतरत्या चरास दोहों बाजूंनीं येऊन मिळतात. लांबून पाहतां डोंगरावर कोंबड्याचा पाय उमटल्यासारखी ही आकृति दिसते, आणि स्थानिक कातालान भाषेंत तिचें नांवही कोंबड्याचा पाय असेंच आहे. आपल्याकडील मृदसंधारणाच्या पुस्तकांत हें चित्र छापण्यासारखें आहे.

येथें ट्रॅक्टर चालत नाहीं. तोडणी हातांनीं, माल पाठीवर वाहून न्यावयाचा. बान्यूल्स या नांवानें विकावयाच्या वाईनीस १९३६ पासून कायद्यानें क्षेत्र ठरवून दिलें आहे, आणि हेक्टरीं ३,००० लिटरांहून अधिक उत्पन्न घेण्यास परवानगी नाहीं. सपाटीचे मळे याच्या दुप्पट-तिप्पट देतात. एवढ्या उत्पन्नावर भिंतींचा खर्च बसवावयाचा आहे. आम्ही बान्यूल्सच्या वरच्या रस्त्यानें जात असतां एक साठीचा गृहस्थ ढांसळलेली भिंत रचीत होता. पुतण्यानें दुभाष्याचें काम केलें. भिंत तीन वर्षांपूर्वींच्या एका सरींत गेली होती. कसलेल्या माणसाच्याही हातून अशी भिंत दिवसाला दोन-तीन चौरस मीटरांहून अधिक होत नाहीं. शेजारच्या सर्व्हे नंबराचा मालक परगांवीं राहतो, त्याची जमीन पड आहे. वरची भिंत त्याची, ती कोसळली कीं दगड याच्या मळ्यांत. हें ऐकून आम्हांस परदेशांत असल्याचा विसर पडला. अशा तक्रारींचे अर्ज आम्हीं किती नोंदविले त्याची गणती नाहीं. पुतण्यानें भ्रमणध्वनीवर त्या गांवचा मोजणी नकाशा काढून दाखविला. नेपोलियनच्या वेळीं १८०७ च्या कायद्यानें सुरू झालेल्या मोजणीपासून पाडलेले ते चिंचोळे तुकडे, एकेकाचा नंबर. कागदावर सगळे नंबर सारखेच. डोंगरावर मात्र कोणता नंबर जिता आणि कोणता मेला, हें सायकलीवरून दिसत होतें.

आम्हीं त्या गृहस्थास विचारलें, रस्त्यानें एवढे लोक जातात, त्यांच्यापासून तुम्हांस काय मिळतें? तो म्हणाला, ते फोटो कोठून चांगला येईल तें विचारतात. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता.

२०१८ सालीं युनेस्कोनें फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस इत्यादि आठ देशांतील या कोरड्या दगडी बांधकामाच्या विद्येस मानवजातीच्या वारशाचा मान दिला. मान चांगलाच, पण मानानें दगड उचलला जात नाहीं.

आतां प्रवाशाचा पैसा जातो कोठें, तें पाहूं. आम्हीं आमच्याच खर्चाची वही पाहिली. राहण्याचें भाडें, जेवण, कॉफी, एका चाकाची दुरुस्ती, आगगाडी. हें सर्व किनाऱ्यावरील गांवांत, सपाटीवर खर्च झालें. ज्या डोंगराकडे पाहत आम्हीं दहा दिवस धन्यता मानली, त्या डोंगरावर आमचा एक पैसाही चढला नव्हता. सायकलस्वाराचा आणखी एक दोष असा, कीं त्यास माल नेतां येत नाहीं. कांचेची बाटली सव्वा-दीड किलो भरते. चढावर ती कोण वाहील? बान्यूल्सच्या एका विक्रीकेंद्रांत मात्र युक्ति चांगली दिसली. पाहुण्यास चव दाखवावयाची, त्याचा पत्ता लिहून घ्यावयाचा, आणि माल पेटींतून घरीं पाठवावयाचा. पुढच्या वर्षीं त्याच पत्त्यावर भावाचें पत्रक जातें. मारोसांच्या लोकांनीं १९०१ सालीं पॅरिसकडे पाहिलें तें याच डोळ्यांनीं. आम्हीं द्राक्षाचा सिरका घेतला. तोही तेथें उत्तम होतो.

आमच्या पुतण्यास हें सर्व एकांगी वाटतें. त्याचें म्हणणें असें कीं, पाहुणे येतात म्हणून गांवांत दुकान चालतें, एखाद्या बागाईतदाराचा मुलगा खोल्या भाड्यानें देऊन गांवीं राहतो, आणि तो राहिला तरच पुढें भिंत रचावयास कोणी असेल. यांत तथ्य आहे, आणि तेवढें आम्ही मान्य करतों. परंतु खोल्या देणारा मुलगा भिंत रचतोच असें नाहीं. किनाऱ्यावर खोली देऊन अधिक मिळतें असें दिसल्यावर वरची पायरी प्रथम पड पडते. पाहुणा ज्यासाठीं येतो तें टिकविण्याचा खर्च एकाचा, आणि पाहुण्यापासून उत्पन्न दुसऱ्याचें, अशी वांटणी जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत पाहुणे वाढल्यानें बाग वांचत नाहीं.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. आपल्या सभासदांपैकीं ज्यांस बागेंत पाहुणे आणावयाचे असतील त्यांनीं खुशाल आणावे. सायकली ठेवाव्या, खोल्या बांधाव्या. परंतु प्रत्येक पाहुण्यामागें ठराविक रक्कम संस्थेच्या खात्यांत जमा व्हावी, व ती केवळ बांधबंदिस्ती, चर आणि ओढ्याकांठच्या समाईक कामांस लागावी. ज्याच्या बागेंत पाहुणा उतरला त्याच्याच नव्हे, तर रस्त्यावरून ज्यांचे बांध दिसतात त्या सर्वांच्या. रक्कम किती, हें सभेनें ठरवावें. शेजारचा परगांवीं राहणारा मालक बांध दुरुस्त करीत नसेल, तर संस्थेनें तो दुरुस्त करून खर्च त्याच्या नांवें टाकावा, आणि त्यासाठीं सभासदांकडून आधींच लेखी संमति घेऊन ठेवावी. मागाहून घेऊं म्हटलें तर ती मिळत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. पाहुण्यांच्या पत्त्यांची वहीही संस्थेनेंच ठेवावी, म्हणजे बेदाणा एकेकट्यास दलालाच्या दारीं नेण्याची पाळी येणार नाहीं.

हा विषय येत्या वार्षिक साधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असें विनंतिपत्र आम्हीं चिटणीसांकडे दिलें आहे. ज्यांचें मत निराळें असेल त्यांनीं सभेपूर्वीं संपादकांकडे लिहावें. पुतण्याचेंही पत्र येणार आहे. त्यांत आमचें खंडन असलें तरी तें छापावें.